दूधगंगेच्या काठावरची तहान

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात देव्हाराच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर भूत, भानामती, करणी हेही सोडून दिलं. त्यात मी आयुष्यभर वायरमन. बल्ब लागत नसेल तर कुठंतरी तार तुटलेली असते, एवढं साधं माझं गणित. या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत हसतो. परवा ती वैतागून म्हणाली, "लोकास्नी हसताय न्हवं? मग तुमचं बी सांगा की एकदा!"

म्हणून सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या… माझं काही जात नाही.

आम्ही निपाणीचे. तंबाखूच्या वखारींच्या मागं आमची गल्ली. आई वखारीत तंबाखू निवडायला जायची. वडील दारूनं गेले, त्यामुळं घरात आम्ही तिघंच - आई, थोरला भाऊ अण्णा आणि मी. वडील गेल्यावर आईनं अण्णाला त्यांच्या तसबिरीसमोर उभं करून शब्द घेतला होता की थेंबाला शिवणार नाही. अण्णानं तो पाळला. लग्नाच्या वरातीत मित्र ओढायला लागले की हा सरळ घरी येऊन झोपायचा.

सदलग्याला आमची आत्ती राहायची, दूधगंगेपासून हाकेच्या अंतरावर. सुट्टी लागली की आम्ही तिकडं. आत्तीच्या मालकांनी अण्णाला गळ टाकायला शिकवलं आणि अण्णानं मला. आमच्याकडं एक पद्धत होती. दिवसाचा पहिला मासा घरी न्यायचा नाही. ज्यानं शिकवलं त्याचं नाव घ्यायचं, माशाला आपल्या मनातली एक गोष्ट सांगायची आणि त्याला पाण्यात सोडायचं. मी अण्णाचं नाव घ्यायचो आणि बहुतेक वेळा गणिताच्या पेपरबद्दल सांगायचो. दुसरा नियम असा, की सोडायचा तर गळ काढून सोडायचा.

"गळासकट सोडला तर मासा माघारी येतोय रं बारक्या," अण्णा म्हणायचा.

कुठं येतो, कशाला येतो, असं विचारलं की डोक्यात टपली बसायची.

गळ बांधण्याची त्याची एक खास तऱ्हा होती. वेल्डिंगच्या कामाला तो बेळगावला शहापुरात जायचा, तिथल्या मागांची मोडतोड दुरुस्त करायला. तिथून साडीच्या काठाचा लाल धागा घेऊन यायचा आणि गळाच्या मानेला तंगुसाच्या गाठीवर तो गच्च गुंडाळायचा, वर मेण. तंगूस म्हणजे आपली नायलॉनची दोरी. तसा लाल मानेचा गळ मी दुसऱ्या कुणाकडं पाहिला नाही.

आता दिनकर. सदलग्याचा, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातला, अण्णाबरोबर वेल्डिंग शिकलेला. नदीवर आम्ही तिघं एका फडक्यातली भाकरी खायचो. पण निपाणीला आमच्या घरी आला की हा उंबऱ्याच्या बाहेर उभा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला की, "आत्ताच पिऊन आलोय मावशी." दर वेळी आत्ताच पिऊन आलेला! आई हसायची, "उंटाचं पोर हाय," म्हणायची. आमच्या घरचं पाणी त्याच्या घशाखाली का उतरत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा मनावर घ्यायचा नाही. मी घ्यायचो.

सत्त्याहत्तरच्या आसपास दोघांना दुबईत काम मिळालं. माणशी एकच बॅग, असं एजंटनं बजावलं होतं. अण्णाच्या रेक्झिनच्या बॅगेत दोन शर्ट, दोन पँटी, टॉवेल, अंथरायची चादर आणि गळांची पत्र्याची डबी. निघताना त्यानं डबीतले निम्मे गळ काढून माझ्या हातावर ठेवले. "एवढं ओझं कशाला न्यायचं? निम्मं तुला, निम्मं मला."

तिकडून तो कळवायचा की शुक्रवारी सुट्टी असते, खाडीवर जाऊन गळ टाकतो, समुद्राचा मासा आपल्या माशापेक्षा अडाणी आहे, पटकन लागतो. आई हे शेजारणींना सांगत गल्लीभर फिरायची.

आणि मग एका दुपारी दिनकर आमच्या दारात उभा राहिला. हातात अण्णाची बॅग.

"मावशी… अण्णा गेला."

आई तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात.

"खाडीत पडला. पिलता. लई पिलता त्या दिवशी. मी न्हवतो तिथं, मला मागनं कळलं. कंपनीनं तिथंच माती दिली."

आई रडली नाही. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली. माणूस वाईट बातमी घेऊन का होईना, लांबून आलाय, उन्हातून आलाय, त्याला पाणी द्यायचं, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं असावं. दिनकरनं तांब्याकडं बघितलं. बघणाऱ्या शेजाऱ्यांकडं बघितलं. आणि पालथ्या हातानं तांब्या बाजूला सारला.

"तहान न्हाय मला."

बॅग उंबऱ्यावर ठेवून गेला. मेलेल्या पोराच्या आईच्या हातचं पाणीही त्याला चाललं नाही. आज इतकी वर्षं झाली, हे लिहितानाही माझं टाळकं सणकतंय.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बापाच्या वळणावर पोरगं गेलं म्हणे. परदेशात कोण बघतंय, मोकाट सुटला असेल. सांत्वनाला आलेल्या बायका आईजवळ बसून हेच कुजबुजत होत्या. आईनं सगळ्यांना घालवून दिलं, बॅग उघडली आणि मला हाक मारली.

"बारक्या, अण्णाचं शर्ट किती हुतं?"

"दोन."

"दोन्ही हितं हाईत. प्यांटा बी दोन्ही. पट्टा बी हाय, घड्याळ बी हाय, गळाची रिकामी डबी बी हाय. आणि ह्यो शर्ट बघ."

शर्टाची घडी अण्णाच्या हातची होती. बाह्या आत दुमडून, कॉलर वर. लहानपणापासून तो तशीच घालायचा.

"पिऊन पडलेला माणूस कापडं काढून घडी घालून पडतोय व्हय रं?" आई म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी सदलगा गाठलं. दिनकर नदीच्या घाटावर बसला होता, घडीच्या खुर्चीवर, हातात तिकडून आणलेली, गळ टाकायची चक्रीची चकचकीत काठी. मी शर्टांचं विचारलं. त्याचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग आवाज चढला. "मग मी ढकलला म्हणतोस व्हय त्याला? जा, पोलिसात जा!"

कुठल्या पोलिसात जाणार? माणूस मेला समुद्रापलीकडं आणि साक्षीदार काय तो हाच.

घरी येऊन मी कुऱ्हाड शोधायला लागलो. खरंच सांगतो. आईनं मनगट धरलं. "मारून काय हुणार? मेला तर त्येचं बोलणं तसंच ऱ्हाणार. माझं लेकरू पिऊन मेलं, हे त्यानं माझ्या दारात उभं ऱ्हाऊन सांगितलंय. त्यानं माझ्याच दारात उभं ऱ्हाऊन ते खोडाय पायजे. मला दुसरं काय बी नको."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना तेच, झोपताना तेच. आई वखारीत जायची, मान खाली घालून तंबाखू निवडायची, आणि कुणी "तुझा तो पिऊन…" असं काही म्हणालं की हातातलं टाकून भांडायची. हळूहळू लोक तिला टाळायला लागले.

एकोणऐंशीतली ही गोष्ट. दोनेक वर्षांनी मलाही दुबईत वायरिंगचं काम मिळालं. पगारापेक्षा मला ती खाडी बघायची होती. मी मुद्दाम तीच रेक्झिनची बॅग घेतली, तेवढेच कपडे घेतले, आणि अण्णानं दिलेल्या गळांतला शेवटचा उरलेला लाल मानेचा गळ.

परकं शहर काय असतं ते तिथं कळलं. आम्हा सीमाभागातल्या माणसांना एका दुकानावर दोन लिप्या बघायची सवय असते. तिथं तिसरीच, आणि तीही उजवीकडून सुरू होणारी. मराठी, कन्नड, मोडकं हिंदी, तिन्ही खिशात असून मी मुका. खोलीत आठ-दहा मल्याळी पोरं. माझी बॅग बघून त्यांना वाटायचं की मी चार दिवसांचा पाहुणा आहे.

पहिल्याच शुक्रवारी दुपारची झोप सोडून मी खाडीवर गेलो. लाकडी गलबतं एकाला एक चिकटून उभी होती, धक्क्यावर पोती, टायर, जाड दोरखंडांची वेटोळी, आणि डिझेलचा वास सगळीकडं. ऊन असं की दगडावर टेकवेना. या दोरखंडांपैकी एक जरी त्या दिवशी कुणी पाण्यात टाकला असता तर, असं मनात आलं. का आलं कुणास ठाऊक, कारण अण्णा कसा बुडाला हे तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मिठानं जीभ सोलून निघाली. हेच पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं असेल या विचारानं माझं डोकं फिरलं.

गळाला कोलंबीचा तुकडा लावून टाकला. लगेच ओढ बसली. चंदेरी मासा आला, लांबट तोंडाचा, जाड ओठांचा. आमच्या खोलीतली पोरं त्याला शेरी म्हणायची. गळ त्यानं खोल गिळला होता, लाल धागा तेवढा ओठाजवळ दिसत होता. मी त्याला दोन्ही हातांत धरलं. आणि एक सांगतो… तो मासा फडफडला नाही. कल्ले हलत होते, जिवंत होता, पण माझ्याकडं बघत गप्प पडून राहिला.

दिवसाचा पहिला मासा. मी अण्णाचं नाव घेतलं आणि म्हणालो, "ज्यानं अण्णाला हितं सोडलं, त्याच्या गळाला जाऊन लाग. आणि त्याला हे हितलंच पाणी पाज."

मग ब्लेडनं तंगूस कापला. गळ काढला नाही. अण्णाचा नियम मी विसरलो नव्हतो, उलट तो आठवूनच कापला. मासा पाण्यात गेला. तिथं असेपर्यंत मी परत गळ टाकला नाही.

हे सगळं मनाची आग म्हणून सोडून देता आलं असतं. पुढचं सोडता येत नाही.

त्र्याऐंशीच्या होळीच्या आगेमागे मी सुट्टीवर आलो. आत्तीला भेटायला सदलग्याला गेलो होतो. दुपार उतरत आली होती, घाटावर बाया धुणं धूत होत्या, दोघंतिघं बैल धूत होते. आणि दिनकर त्याच्या त्या खुर्चीवर. मला बघून त्यानं मान दुसरीकडं केली. मी पायरीवर बसून त्याच्या पाठीकडं बघत राहिलो. तेवढीच माझी हौस.

अचानक त्याची काठी वाकली. चक्री करकरायला लागली. "मोठं हाय, मोठं हाय!" म्हणत बैलवाले धावले. बराच वेळ ओढाताण करून त्यानं मासा पायरीवर आपटला.

सगळे वाकून बघायला लागले.

सदलग्याच्या माणसाला नदीतला मासा ओळखायला सांगायची गरज नाही. मरळ, वाम, शिंगाळा, कटला, अंधारातही सांगतील. हा कुणालाच ओळखेना. चंदेरी, लांबट तोंड, जाड ओठ. "ह्यो कुठला रं पाव्हणा?" एकजण म्हणाला. मी खाली उतरलो. माशाच्या तोंडात दोन गळ होते. एक दिनकरचा, नवा, चकचकीत. दुसरा गंजलेला, आणि त्याच्या मानेला शहापूरच्या साडीचा लाल धागा.

दिनकरनं तो पाहिला आणि हातातली काठी सोडून दिली. अण्णाच्या गळाची मान तोही ओळखत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू घातलास ह्यो. तूच घातलास!"

"मी हितं पायरीवर बसलोय," मी म्हणालो. "सगळे बघत्यात."

त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि लगेच थू थू करायला लागला. एका बाईनं नदीतलंच पाणी तांब्यात भरून दिलं. तोंडात घेतलं, गुळणी बाहेर. "खारट! खारट हाय ह्ये!" त्या बाईनं उरलेलं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. बैलवाल्यानं पिऊन दाखवलं. मीही प्यायलो. दूधगंगेचं पाणी, जसं असतं तसं, गोड.

मी वाकून माशाच्या तोंडातून लाल मानेचा गळ सोडवला. मासा या वेळीही फडफडला नाही. पाण्यात सोडला तसा खाली गेला. गळ आजही माझ्याकडं त्याच डबीत आहे.

त्या दिवसापासून दिनकरला पाणी गोड लागेना. घरच्या विहिरीचं खारट, नळाचं खारट, चहा खारट, शहाळं फोडलं तरी खारट. चार घोट कसेबसे घ्यायचा आणि ओकायचा. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं, जीभ तपासली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. सलाईन लावलं की तेवढ्यापुरता बरा. घरच्यांनी देवऋषी केले, कोंबडी उतरवली, नारळ फोडले. महिन्याभरात धिप्पाड माणूस वाळून कोळ झाला. वाहती नदी समोर आणि हा काठावर तहानेनं तडफडतोय. मला आत्ती चिठ्ठी पाठवायची आणि मी ती आईला वाचून दाखवायचो. वाईट वाटलं का? नाही वाटलं. सुट्टी वाढवून मी निपाणीतच राहिलो, पुढचं चुकू नये म्हणून.

चैत्राच्या उन्हात एका दुपारी तो आला. बायकोनं धरून आणला होता. त्याच उंबऱ्याबाहेर, त्याच जागी उभा राहिला. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले.

"मावशी, पाणी दे."

आई दाराला टेकून उभी. "तुला आमचं पाणी चालतंय व्हय आता?"

"मावशी…"

"आधी सांग."

शेजारी जमले होते. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. आणि दिनकरनं सांगितलं, थांबत थांबत, घसा खरवडत.

"मोजकं गळ हुतं आमच्याकडं. माझा गळ अडकला, गलबताच्या तळाला. मी म्हणलं तोडूया. अण्णा म्हणला, परमुलखात दुसरा कुठनं आणायचा. कापडं काढली, घडी करून पिशवीत ठिवली आणि उतरला. तेवढ्यात गलबत हललं. त्येचा पाय दोरात गुतला. 'दिन्या, दोर टाक,' म्हणून वरडला. दोर माझ्या पायाशीच हुता, मावशी. पर तिकडनं राखणदार शिट्टी मारत आला. आमाला तिथं बसायची परवानगी न्हवती, पासपोर्ट कंपनीकडं. मला वाटलं, आत टाकत्यात. मी पिशवी उचलली आणि पळालो. मागनं हाक ऐकू येत हुती."

"आणि दारू?"

"पिलता म्हणलं की कोण जास्ती इचारत न्हाय. संगट कोण हुतं, ते बी इचारत न्हाय."

"पिलता का माझा अण्णा?"

"न्हाय. अण्णा पिलेला न्हवता."

"मोठ्यानं."

"अण्णा पिलेला न्हवता!"

आई आत गेली, तोच तांब्या भरून घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. त्यानं एका दमात रिकामा केला. मी वाट बघत होतो की आता ओकेल. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "गोड हाय मावशी. गोड हाय ह्ये."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्यावर सुटला? पण तो सुटला नव्हता. घरी जाऊन पाणी प्यायला तर खारट. बायकोनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडून कॅन भरून नेला, सदलग्याला पोचेपर्यंत तेही खारट. आईच्या हातून, आमच्या उंबऱ्यावर प्यायलं तरच ते गोड. म्हणून तो रोज यायला लागला, पहिल्या गाडीनं. पुढं निपाणीतच खोली घेऊन राहिला. दिवसातून दोनदा यायचा, उंबऱ्यापाशी उभा राहायचा. आई आधी त्याच्याकडून तेवढं एक वाक्य मोठ्यानं वदवून घ्यायची, मगच तांब्या द्यायची. तेवढ्या पाण्यावर तो जगला. ज्याला आमचं पाणी विटाळाचं, तो त्यासाठी आमच्या दारात भिकाऱ्यासारखा उभा राहतोय, हे बघायला मला आवडायचं. दुबई सोडून मी निपाणीतच वायरिंगची कामं धरली, आणि कामावर जाताना मुद्दाम ती वेळ साधायचो.

पण माझं मन तेवढ्यानंही भरत नव्हतं. एकदा मी आईला म्हणालो, "नको देऊस. मरू दे तहानेनं."

आई तांब्या घासत होती. "मेला तर सांगणार कोण? अण्णा पिलेला न्हवता हे रोज सांगाय त्येला जित्ता ठिवाय पायजे की."

मी आपलं स्वतःला रागीट समजत होतो.

अशी पाच वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत आई गेली, झोपेतच. मातीला दिनकर लांब उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी दारात आला. त्याला काय वाटत असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ज्या हातानं पाणी गोड व्हायचं तो हात आता नव्हता. मी तांब्या भरला. त्यानं वाक्य म्हटलं, मी वदवून न घेता, मोठ्यानं. तांब्या दिला. पहिला घोट घेतला आणि त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. पण त्यानं तो गिळला. सगळा तांब्या संपवला.

"कसं हाय?" मी विचारलं.

"गोड हाय."

तांब्यात राहिलेला घोट मी जिभेवर घेऊन बघितला. मला तो नेहमीसारखाच गोड लागला. त्याला कसा लागला? पुढच्या आठ दिवसांत त्याचे ओठ पुन्हा फाटले, डोळे पुन्हा आत गेले. मी परत विचारलं, खरं सांग म्हणालो. "गोड हाय म्हणलं न्हवं," एवढंच म्हणाला. यायचं काही सोडलं नाही. माझ्याकडं पाणी मागायची त्याला आता गरज नव्हती, सगळीकडं खारटच प्यायचं तर ते स्वतःच्या घरीही होतं. तरी यायचा, दोन्ही वेळा, वाक्य म्हणायचा, तांब्या रिकामा करायचा, जायचा. मी त्याला एकदाही नको येऊस म्हणालो नाही. रोज काठोकाठ भरून दिला.

उन्हाळा लागायच्या आत तो गेला. घरच्यांनी त्याला सदलग्याला नदीकाठी नेलं. मी गेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा अर्थ काय. मी कॉलेजातल्या एका प्राणिशास्त्राच्या सरांना माशाचं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, समुद्राचा मासा दूधगंगेत जगूच शकत नाही, मधे केवढं अंतर, किती धरणं, त्यात दूधगंगेचं पाणी जातं पूर्वेच्या समुद्राला, आणि तुमचा मासा तर पश्चिमेच्या समुद्रापलीकडचा. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार असेल, अपराधी माणसाला होतं असं. असेलही. पण मन माणसाची जीभ खारट करेल, मासा कसा आणेल? आणि तो गळ… डबीत कोरडा ठेवला तरी दर काही दिवसांनी त्याच्या लाल धाग्यावर पांढरं मीठ धरतं. मी पुसतो. परत धरतं. कुठली तार कुठं जोडली गेली, या वायरमनला अजून सापडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात गल्लीतली पोरं आमच्या दारात गोट्या खेळत होती. नवीन राहायला आलेल्या एका बाईनं भिंतीवरचा फोटो बघून विचारलं, हे कोण. मी तोंड उघडायच्या आतच एक शेंबडं पोरगं, ज्याच्या बापानंही अण्णाला कधी पाहिलेलं नाही, गोटीवरची नजर न काढता म्हणालं, "त्यो अण्णा. दुबईत बुडाला. पर पिलेला न्हवता हं."